छपरावर सूर्य, घरात पाऊस

छपराची खरी परीक्षा मृगाच्या पहिल्या दमदार सरीला होते. दमणगंगेच्या काठी वसलेल्या आमच्या सिल्वासात ही परीक्षा फार कडक असते. पश्चिमेला जवळच अरबी समुद्र, पूर्वेला सह्याद्रीच्या रांगा आणि मध्ये हा हिरवागार टापू. त्यामुळे वर्षाकाठी दोनशे ते अडीचशे सेंटीमीटर पाऊस येथे पडतो, आणि तोही बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. हा आकडा नुसता वाचून त्याची कल्पना येत नाही. म्हणून एक साधा हिशेब करून पाहू. एखाद्या घराची गच्ची शंभर चौरस मीटरची, म्हणजे सुमारे हजार चौरस फुटांची असेल आणि पाऊस दोनशे सेंटीमीटर धरला, तर एका पावसाळ्यात त्या गच्चीवर दोन लाख लिटर पाणी पडते. दहा हजार लिटरचे वीस टँकर! एवढे पाणी डोक्यावरून वाहून जावे आणि खाली निजलेल्या माणसाच्या अंगावर थेंबही पडू नये, एवढे साधे पण अवघड काम छपराने करायचे असते.

या छपरावर अलीकडे सौर पॅनेले येऊ लागली आहेत. १३ फेब्रुवारी २०२४ रोजी ‘पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना’ जाहीर झाली. देशातील एक कोटी घरांवर सौर संच बसविण्याचे उद्दिष्ट ठरले आणि त्यासाठी ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद मंजूर झाली. एक किलोवॅटच्या संचास ३०,००० रुपये, दोन किलोवॅटला ६०,००० आणि तीन किंवा त्याहून अधिक किलोवॅटला ७८,००० रुपये असे अनुदान ठेवण्यात आले. २६ जानेवारी २०२० पासून आमचा दादरा व नगर हवेली हा प्रदेश दमण व दीवशी एकत्र झाला आहे. त्यांपैकी दीव तर दिवसाची विजेची गरज सूर्यावर भागविणारा जिल्हा म्हणून आधीच नावारूपास आला होता. साहजिकच सिल्वासातील सुखवस्तू कुटुंबांपासून कारखान्यातून निवृत्त झालेल्या गृहस्थांपर्यंत अनेकांच्या गच्चीवर निळी-काळी तावदाने चमकू लागली.

ही गोष्ट चांगलीच आहे. तीन किलोवॅटचा संच दिवसाला सरासरी बारा युनिटांच्या आसपास वीज देतो. मध्यम कुटुंबाचे बिल त्यामुळे नाममात्र उरते. सूर्यशक्तीविरुद्ध तक्रार करण्यासाठी आम्ही हा लेख लिहीत नाही. पण पॅनेले बसली, बिल उतरले, आणि पुढच्याच पावसाळ्यात छत गळू लागले, ही कथा आता इतक्या घरांतून कानी येते की तिचा नीट विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

एका घराची हकिगत

आमच्या परिचयातील एका कुटुंबाचे उदाहरण घेऊ. नावे सांगण्याचे कारण नाही. पती निवृत्त, पत्नी गृहिणी, आणि घरात ऐंशी ओलांडलेल्या सासूबाई. वीस-बावीस वर्षांपूर्वी बांधलेले बैठे घर. गच्चीला विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि त्यावर चिनी मातीच्या फुटक्या फरशांचे मोझॅक. इतकी वर्षे या गच्चीने एक थेंबही आत येऊ दिला नव्हता. ऐन हिवाळ्यात तीन किलोवॅटचा संच बसला. सहा पॅनेले, त्यांना उचलून धरणारा लोखंडी सांगाडा आणि त्याचे सहा पाय. काम दोन दिवसांत उरकले. उन्हाळ्यात पंखे, कूलर मनसोक्त चालले आणि बिलाचा कागद हाती आला की घरात समाधान पसरे.

मृग लागला आणि आठवड्याभरात सासूबाईंच्या खोलीत, पंख्याच्या हुकाभोवती, ओलीचे एक पिवळसर वर्तुळ उमटले. संच बसविणाऱ्याला कळविले. एक मुलगा आला, पायांच्या कडेने कसलीशी चिकट नळी दाबून गेला. आर्द्रात वर्तुळ ताटाएवढे झाले. पुन्हा तोच मुलगा, पुन्हा तीच नळी. मग वादाला सुरुवात झाली. संचवाल्याचे म्हणणे असे की स्लॅब जुना आहे, तो कधीतरी गळणारच होता. गवंड्याचे म्हणणे असे की आपला कोबा अभंग होता, भोके दुसऱ्याने पाडली. सांगाडा उभारणारी टोळी तर वेगळीच होती. ती कोणत्या गावी गेली याचा पत्ता कोणालाच नव्हता. करारपत्र काढून पाहिले. त्यात पॅनेलांच्या पंचवीस वर्षांच्या हमीविषयी होते, इन्व्हर्टरच्या हमीविषयी होते; छप्पर हा शब्द मात्र फक्त ‘संच बसविण्याची जागा’ या ओळीत एकदा आला होता.

ऑगस्टच्या एका दुपारी छताचा मोठा पोपडा सुटून नेमका खाटेवर पडला. सासूबाई त्या वेळी ओटीवर वाती वळीत बसल्या होत्या, म्हणून अनर्थ टळला. त्या दिवसापासून त्यांची खाट दिवाणखान्यात आली. उतारवयात माणसाला स्वतःच्या खोलीतून उठावे लागते, पाहुण्यांच्या येण्याजाण्यात निजावे लागते, हे दुःख विजेच्या बिलात कुठे मांडणार? शेजाऱ्यापाजाऱ्यांशी बोलताना त्या एकच विचारीत: छपरावर एवढे ओझे चढविले, मग दरवर्षी त्याची शाकारणी कोण करणार?

हा प्रश्न भोळा वाटेल. पण आमच्या मते साऱ्या प्रकरणाचे मर्म त्यातच आहे.

शाकारणीचा विसर

आपल्या जुन्या घरांवर कौले असत. नगर हवेलीतील वारली, कोकणा बांधवांच्या कुडाच्या घरांवर गवत किंवा नळीची कौले असत. पुढे मंगलोरी कौले आली. बासेल मिशनने १८६५ साली मंगळुरास कौलांचा कारखाना काढला आणि तेथून त्या चपट्या तांबड्या कौलांनी सारी पश्चिम किनारपट्टी व्यापली. या सर्व छपरांत एक गोष्ट समान होती. ती गळणार हे गृहीत होते. म्हणून वैशाख सरता सरता, आगोटीच्या धांदलीत, शाकारणी हे एक ठरलेले काम असे. फुटके कौल बदलायचे, सरकलेले जागेवर आणायचे, कुजलेली रीप काढायची. शाकारणाऱ्याला घर ठाऊक असे आणि घराला शाकारणारा.

पुढे स्लॅब आला आणि शाकारणी संपली, अशी आपली समजूत झाली. स्लॅब म्हणजे दगड. तो एकदा घातला की झाले. वस्तुतः सिमेंट काँक्रीट स्वतः काही पाणी अडविण्यासाठी घातलेले नसते. त्याचे काम भार पेलण्याचे. पाणी अडवितो तो त्याच्यावरचा कोबा, त्याचा पन्हाळीकडे जाणारा उतार, कठड्याच्या मुळाशी दिलेला वाटा आणि या सर्वांची अखंडता. ‘अखंड’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. हजार चौरस फुटांच्या कोब्यात बोटाएवढे एक भोक पडले, तर उरलेला सारा कोबा चांगला असूनही त्याचा उपयोग राहत नाही. घड्याला एक चीर पुरते.

भोक आणि पाणी

आता संच बसविताना काय घडते ते पाहू. सांगाड्याला सहा पाय असले आणि प्रत्येक पाय चार बोल्टांनी जखडला, तर गच्चीला चोवीस भोके पडतात. कोबा सर्वसाधारणपणे तीन-चार इंच जाडीचा, आणि त्याखाली स्लॅब साडेचार-पाच इंचांचा. येथेच खरा पेच आहे. बोल्ट आखूड घेतला तर तो कोब्यातच राहतो. कोबा म्हणजे विटांचे तुकडे आणि चुना-सिमेंट. त्यात धरलेला बोल्ट वाऱ्याच्या ओढीला टिकत नाही. बोल्ट लांब घेतला तर तो कोबा भेदून स्लॅबात जातो. पकड मिळते, पण पाण्याला सरळ वाट मिळते. पकड हवी तर गळती, गळती नको तर पकड नाही, असा हा तिढा आहे. तो सोडविण्याची रीत आहे, ती आम्ही पुढे सांगणार आहोत. पण दोन दिवसांत काम उरकणारी टोळी तो तिढा सोडविण्यापूर्वीच निघून गेलेली असते.

पुष्कळदा बोल्टाभोवती सिमेंटचा एक ठोकळा ओतून देतात. दिसायला तो भक्कम दिसतो. पण गुळगुळीत मोझॅकवर नुसता ओतलेला ठोकळा खालच्या थराशी एकजीव होत नाही. ऊन लागले की लोखंडी सांगाडा वाढतो, रात्री आक्रसतो. सहा मीटर लांबीची पोलादी पट्टी चाळीस अंशांच्या फरकाने सुमारे तीन मिलिमीटर वाढते. हे रोजचे ताणणे-आखडणे आणि त्यात वाऱ्याची थरथर. काही महिन्यांत ठोकळ्याच्या बुडाशी केसाएवढी फट पडते. तेवढी फट पाण्याला पुरेशी असते.

शिवाय ठोकळा पाण्याच्या वाटेत आडवा बसला, तर त्याच्यामागे डबके साचते. उतारावरून वाहून जाणारे पाणी एक वेळ फटीपाशी थांबणार नाही; साचलेले पाणी मात्र आठवडेच्या आठवडे तिच्यावर दाब देत राहते. आणखी एक गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. सहा पॅनेलांचे क्षेत्रफळ सुमारे पंधरा चौरस मीटर भरते. त्यांच्यावर पडलेला पाऊस पूर्वी गच्चीभर विखुरला जाई. आता तो खालच्या कडेवरून एकाच रेषेत पागोळीसारखा पडतो. एका पावसाळ्यात तीस हजार लिटरांच्या आसपास पाणी त्या एकाच पट्ट्यावर कोसळते. कोबा जुना असेल तर तो तेथे झिजतो, सांधे उघडे पडतात, आणि एकही भोक न पाडता गळती सुरू होते.

गळतीचा डाग मात्र जेथे भोक आहे तेथेच दिसेल असे नाही. कोबा आणि स्लॅब यांच्यामध्ये शिरलेले पाणी उताराने सरकत जाते आणि स्लॅबातील विजेच्या नळीचा आधार मिळाला की तिच्यातून धावते. म्हणून ते हमखास पंख्याच्या हुकापाशी किंवा दिव्याच्या बिंदूपाशी टपकते. मूळ भोक दहा-बारा फुटांवर असू शकते. डागाच्या बरोबर वर पाय नाही, सबब दोष आमचा नाही, हा युक्तिवाद त्यामुळे टिकणारा नाही.

आणि ओल ही केवळ रंग खराब करणारी गोष्ट नव्हे. पाणी सळयांपर्यंत पोचले की त्या गंजतात. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा व्यापतो. ती जागा मिळविण्यासाठी तो काँक्रीटला आतून ढकलतो आणि खालचा पोपडा सुटतो. सासूबाईंच्या खाटेवर पडला तो असाच. वीस वर्षे जुन्या स्लॅबाचे आयुष्य अशा दोन-तीन पावसाळ्यांत झपाट्याने घटते.

वजन नव्हे, वारा

एवढे वाचल्यावर कोणी म्हणेल, मग बोल्ट मारूच नयेत. नुसती जड ठोकळ्यांवर पॅनेले ठेवावीत. ही पद्धत आहे, आणि सपाट, प्रशस्त, उंच कठड्याच्या गच्चीवर ती चांगलीही आहे. पॅनेले कमी कोनात, गच्चीलगत ठेवायची आणि काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या भाराने दाबून धरायची. कोब्याला धक्का लागत नाही. परंतु आपल्याकडे गच्चीवर वाळवण घालायचे असते, पाण्याची टाकी असते, उन्हाळ्यात रात्री निजायचे असते. म्हणून लोक सांगाडा सात-आठ फूट उंच करून घेतात. उंच सांगाडा नुसत्या वजनावर उभा राहत नाही.

वजनाची भीती पुष्कळांना वाटते, पण ती सहसा अनाठायी असते. पॅनेले आणि सांगाडा मिळून चौरस मीटरला पंधरा-वीस किलोच्या घरात भार येतो. सुस्थितीतील स्लॅबाला तो जड नाही. खरा शत्रू वारा. उंचावर तिरकी बसविलेली पॅनेले म्हणजे जहाजाचे शीडच. वारा त्यांना खाली दाबण्यापेक्षा वर उचलू पाहतो. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले तेव्हा शेकडो घरांची छपरे उडाली. १७ मे २०२१ रोजी ‘तौक्ते’ वादळ आमच्याच केंद्रशासित प्रदेशातील दीवच्या आसपास किनाऱ्याला धडकले. असे वारे पाहिलेल्या प्रदेशात पकड सैल ठेवणे म्हणजे शेजाऱ्याच्या जिवाशी खेळणे होय. तेव्हा पकडही हवी आणि कोबाही अखंड हवा.

ही दोन्ही साधण्याची रीत अशी. जेथे पाय यायचा तेथे कोबा चौकोनी कापून स्लॅबाचा पृष्ठभाग उघडा करायचा. तो स्वच्छ करून, रासायनिक मसाल्याने सळया किंवा बोल्ट स्लॅबात पक्के बसवायचे; मात्र भोक स्लॅबाच्या आरपार जाऊ द्यायचे नाही. त्यावर काँक्रीटचा ठोकळा थेट स्लॅबाशी एकजीव होईल असा ओतायचा आणि त्याला पाणी मारून पुरेसे दिवस पक्व होऊ द्यायचे. मग कापलेला कोबा पुन्हा भरून जलरोधक थर ठोकळ्याच्या अंगावर सहा-आठ इंच वर चढवायचा आणि सांध्याला कठड्याला देतो तसा गोल वाटा द्यायचा. बोल्टाचे तोंड अशा रीतीने पाण्याच्या पातळीच्या वर राहते. यात जादू काही नाही. पण यास दोन दिवस पुरत नाहीत, पंधरा-वीस लागतात. घर नवे बांधले जात असेल तर त्याहून सोपे: वास्तुशिल्पज्ञाला सांगून स्लॅब ओततानाच हे ठोकळे काढून ठेवावेत. त्यांचा खर्च एकूण बांधकामात जाणवतही नाही.

कौले आणि पत्रे

सर्व घरे स्लॅबाची नसतात. मंगलोरी कौलांच्या घरावर पॅनेले बसविताना दोन चुका घडतात. एक म्हणजे कामगार कौलांवरून चालतात. जी फुटतात ती कळतात, पण ज्यांना नुसता तडा जातो ती पावसाळ्यातच ओळख देतात. दुसरी म्हणजे आधार रिपेला देतात. रीप कौल धरण्यासाठी असते. पॅनेलाचा आधार वाशालाच हवा. आधी वासे तपासून, कमकुवत असतील ते बदलून मगच हे काम करावे. जर्मनीने १९९० साली ‘हजार छपरांची योजना’ काढली. तेथील घरेही बहुतांशी उतरत्या कौलांची. त्या देशांत रूढ झालेली रीत अशी की कौलाला भोक पाडायचेच नाही. कौल उचलून वाशाला एक वाकडा आकडा जखडायचा, तो कौलांच्या खाचेतून बाहेर काढायचा आणि कौल पुन्हा जागेवर बसवायचे. छप्पर पाणी अडवीत राहते, आकडा पॅनेले धरतो. एक दुसऱ्याच्या कामात हात घालीत नाही.

पत्र्याच्या छपरावर स्क्रू पन्हळीच्या उंचवट्यावर मारावा, खोलगट भागात कधीही नव्हे; कारण पाणी खोलगटातून वाहते. स्क्रूखालची रबरी चकती उन्हाने काही वर्षांत कडक होते, तिला तडे जातात. ती बदलण्याची वस्तू आहे हे ध्यानात ठेवावे. सिमेंटच्या जुन्या पत्र्यांवर मात्र हा उद्योग करू नये. ते ठिसूळ असतात, माणूस त्यांतून खाली पडतो, आणि त्यांतील अॅस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसांना घातक असते. तेथे आधी पत्रे बदलावेत, मग सूर्याला बोलवावे.

भोकाचा धनी कोण?

तंत्राची बाजू अशी की गळती टाळणे शक्य आहे. मग ती होते का? आमच्या मते याचे कारण तंत्रात नसून जबाबदारीच्या वाटणीत आहे. पॅनेल बनविणारा पॅनेलाचा धनी. इन्व्हर्टर बनविणारा इन्व्हर्टरचा धनी. वीज कंपनी मीटरची धनी. भोक मात्र निर्धनी. ते पाडणारा दिवसाच्या मजुरीवर येतो आणि जातो. सरकारी योजनेत संच बसविणाऱ्याने पाच वर्षे त्याची देखभाल करावी अशी अट आहे, ती स्वागतार्ह आहे. पण संचाची देखभाल म्हणजे छताची देखभाल असे प्रत्येक संचवाला आपणहून मानील, या भरवशावर राहू नये.

म्हणून आमची सूचना अशी की वाटाघाटीच्या वेळीच चार गोष्टी कागदावर घ्याव्यात. पहिली: किती पाय, कोठे, कोणत्या पद्धतीने बसणार, याचा नकाशा. दुसरी: छताला पडणाऱ्या प्रत्येक भोकाच्या जलरोधकतेची निदान पाच वर्षांची लेखी हमी; आणि गळती झाल्यास पॅनेले उतरवून पुन्हा चढविण्याचा खर्च कोणाचा, याचा स्पष्ट उल्लेख. कारण दुरुस्तीपेक्षा हा खर्चच मोठा असतो. तिसरी: पाण्याची चाचणी. संच बसण्यापूर्वी पन्हाळी बंद करून गच्चीवर दोन-तीन इंच पाणी चोवीस तास उभे करावे आणि खालून छत पाहावे; पाय बसल्यानंतर पुन्हा तसेच करावे. दोन्ही वेळा तारखेसह छायाचित्रे घ्यावीत. मग ‘स्लॅब आधीच गळत होता’ असे कोणास म्हणता येणार नाही. चौथी: शेवटचा हप्ता, दहा टक्के का होईना, पहिला पावसाळा सरल्यावर देण्याची बोली. चांगला कारागीर या बोलीस नाकारीत नाही.

कामाचा मोसमही जपावा. दिवाळी ते होळी हा आपल्याकडे उत्तम काळ. मे महिन्याच्या अखेरीस, आकाशात ढग जमू लागल्यावर घाईने ओतलेला ठोकळा आणि अर्धवट वाळलेला जलरोधक थर म्हणजे गळतीला आमंत्रणच.

सिल्वासात सदनिकांची वस्ती मोठी आहे. तेथे प्रश्न अधिक नाजूक होतो. जिन्यातले दिवे, पाण्याचा पंप, लिफ्ट यांसाठी सामाईक संच बसतो. त्याचा लाभ साऱ्या मजल्यांना. पाणी गळते मात्र सर्वांत वरच्या घरात. अशा वेळी वरच्या घराची संमती केवळ सहीपुरती न घेता, गळती झाल्यास दुरुस्ती सर्वांच्या निधीतून आणि तातडीने होईल, असा ठराव आधीच लिहून ठेवणे हाच न्याय होय. सुख सामाईक आणि दुःख एकट्याचे, हा शेजारधर्म नव्हे.

एवढे करूनही कोणी दाद दिली नाही तर कायदा आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून अमलात आला. सदोष सेवेबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल करावी लागते, आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क पडत नाही. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीचा सल्ला मिळतो. कागद आणि छायाचित्रे जपलेल्या माणसालाच हा मार्ग सोपा जातो, हे सांगणे नको.

गळू लागलेच तर

प्रथम जिवाची काळजी. ओल विजेच्या नळीतून येत असते, म्हणून त्या खोलीचा वीजपुरवठा बंद करावा, ओल्या भिंतीवरच्या बटणांना हात लावू नये आणि पोपडा सुटण्याच्या बेतात असेल तर त्याखाली कोणास निजवू नये. एक गोष्ट मुलाबाळांसह सर्वांना सांगून ठेवावी: घरातील मुख्य स्विच बंद केला तरी पॅनेलांपासून येणारी तार मृत होत नाही. सूर्य आहे तोवर पॅनेल वीज तयार करीतच राहते. सहा पॅनेलांच्या माळेत ती दोनशे-तीनशे व्होल्टपर्यंत असते. म्हणून गवंड्याला एकट्याने गच्चीवर तोडफोड करण्यास पाठवू नये. जाणकार वीजतंत्र्याने संच वेगळा केल्यावरच त्याने छिन्नी हाती घ्यावी.

मग मूळ शोधावे. भर पावसात ते सापडत नाही. पाऊस उघडल्यावर, छत वाळू देऊन, प्रत्येक पायाभोवती झाडाला करतो तसे सिमेंटचे किंवा चिकणमातीचे छोटे आळे करावे आणि एका वेळी एकाच आळ्यात पाणी भरून खाली पाहत राहावे. पाण्यात रंग कालविला तर ओळख अधिक सोपी होते. असे एकेक करीत गेले की दोषी पाय सापडतो. त्याच्या कडेने चिकट मलम दाबणे म्हणजे गळवावर पावडर लावणे होय. खालून रंग देणे तर त्याहून वाईट. पाणी आतच कोंडते आणि सळया अधिक गंजतात. कोबा उघडून, वर सांगितलेल्या रीतीने पाय नव्याने बसविणे हाच उपाय. मघाच्या कुटुंबाने दिवाळीनंतर तेच केले. सहांपैकी दोन पायांचे ठोकळे हाताने हलत होते. पन्हाळीच्या वाटेत आलेला तिसरा सरकवावा लागला. मिळालेल्या अनुदानातील मोठा वाटा त्यात गेला, पण पुढचा पावसाळा सासूबाईंनी आपल्या खोलीत, आपल्या खाटेवर काढला.

नवी शाकारणी

सिल्वासाच्या इतिहासाशी या सूर्यघटाचा एक योगायोगाचा धागा आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने सिलिकॉनचा पहिला उपयुक्त सूर्यघट जगाला दाखविला तो एप्रिल १९५४ मध्ये. आणि त्याच वर्षी, ऐन पावसाळ्यात, २ ऑगस्ट रोजी सिल्वासा पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाले. तो पहिला घट सूर्यप्रकाशाच्या सुमारे सहा टक्क्यांचीच वीज करी. आजची पॅनेले वीस टक्क्यांच्या वर जातात. इतके अंतर विज्ञानाने कापले. पण पाणी उताराकडे धावते आणि फट सापडली की आत शिरते, हा नियम तेव्हा होता तोच आज आहे. त्याला कोणतेही अनुदान लागू नाही.

म्हणून ज्या घरावर पॅनेले आहेत त्या घराने शाकारणी पुन्हा सुरू करावी. वर्षातून एक दिवस, मे महिन्याच्या मध्यावर, घरातल्या कर्त्या माणसाने गच्चीवर जावे. पन्हाळीतला पालापाचोळा काढावा. प्रत्येक ठोकळ्याच्या बुडाशी बोट फिरवून फट पाहावी. पागोळी पडते त्या पट्ट्यातील कोबा झिजला असेल तर वेळीच भरून घ्यावा. सैल नट आणि गंजलेली टोके दिसली तर संचवाल्यास बोलवावे, आणि तारा ज्या भोकातून घरात शिरतात ते तोंड खाली वळलेले आहे ना, हे बघावे. एका सकाळचे काम आहे. आपल्या आजोबांनी ते कौलांसाठी केले, आपण सूर्यासाठी करू.

नवी सोय घरात आणताना जुन्या छताला विचारून आणावी, एवढेच आमचे वाचकांस सांगणे. वीज एखादे दिवशी नसली तर कंदील लावता येतो. पण डोक्यावरचे छप्पर घराने कधी उसने आणलेले ऐकिवात नाही.